महागडे इअरफोन आणि कानाचे माप

चपलेच्या दुकानात गिऱ्हाईक आले की दुकानदार आधी पायाचा नंबर विचारतो. शिंप्याकडे गेले की तो गळ्याला फीत लावतो. चष्म्याचे तर विचारायलाच नको, तपासणीशिवाय काच बसत नाही. मात्र कानात घालायचा पंचवीस हजारांचा इअरफोन काचेच्या कपाटातून काढला जातो, खोके दाखवले जाते, किंमत सांगितली जाते आणि सौदा पूर्ण होतो. कानाचे माप कोणी घेत नाही. माझ्या मते या धंद्यातील सर्वांत मोठी उणीव हीच आहे, आणि यावल, फैजपूर, सावदा, चोपडा अशा गावांतील लहान दुकानदारांसाठी मोठी संधीही हीच आहे.

'इतका महाग इअरफोन यावलमध्ये घेतो कोण?' असे काही जण विचारतील. घेणारे आहेत, फक्त ते गावात घेत नाहीत. पुण्या-मुंबईला नोकरीस लागलेला मुलगा पहिल्या पगारातून घेतो. कॉलेजचा विद्यार्थी वर्षभर पैसे साठवून मोबाईलवरून मागवतो. काही जण जळगावच्या गोलाणी मार्केटची वाट धरतात. पैसा गावातून बाहेर जातो आणि वस्तू कानात नीट बसली नाही तर तक्रार ऐकणारा कोणी राहत नाही. खोके उघडून एकदा कानात घातलेला इअरफोन परत घेण्यास अनेक ऑनलाईन विक्रेते आरोग्याचे कारण देऊन नकार देतात. मग दोन महिन्यांच्या बचतीची ती वस्तू टेबलाच्या खणात पडून राहते.

कानात बसला तरच आवाज

इअरफोन 'बसतो' म्हणजे फक्त कानातून पडत नाही, एवढाच अर्थ बहुतेक जण घेतात. वास्तविक बसण्यावरच आवाज अवलंबून आहे. कानाच्या बोळात घालायच्या इअरफोनचा पडदा अगदी लहान असतो. बोळाचे तोंड रबराने पूर्ण बंद झाले तरच हा पडदा आतील थोड्याशा हवेवर दाब देऊन ढोलकीचा, डग्ग्याचा खर्ज ऐकवू शकतो. बारीकशी फट राहिली की तो दाब बाहेर निघून जातो आणि सर्वांत आधी खर्ज नाहीसा होतो. सायकलच्या पंपाचा वायसर सैल असला तर कितीही जोर लावला तरी ट्यूबमध्ये हवा भरत नाही, तसाच हा प्रकार आहे. अशा वेळी गिऱ्हाईक म्हणते, 'यात बेसच नाही, माल खराब आहे.' माल चांगला असतो, रबर एक नंबर लहान असते.

दुसरी गोष्ट वरच्या स्वरांची. कानाचा बोळ साधारण अडीच सेंटिमीटर लांब आणि थोडा वळणावळणाचा असतो. प्रत्येकाच्या बोळाची रुंदी व वळण वेगळे असते. एकाच माणसाचे दोन कानही अनेकदा सारखे नसतात. इअरफोन किती आत जातो यावर आठ हजार हर्ट्झच्या आसपासचे स्वर कोठे उसळी घेतील हे ठरते. म्हणूनच एकच इअरफोन एकाला गोड लागतो आणि दुसऱ्याला त्यातील 'स' व 'श' कानात टोचतात. दोघेही खरे बोलत असतात. कोणा परीक्षकाने व्हिडिओत दिलेले गुण हे त्याच्या कानाचे गुण असतात. प्रयोगशाळेतील आलेख ठरावीक मापाच्या कृत्रिम कानावर काढलेला असतो. दोन्हींचा उपयोग आहे, पण आपला कान तिसरा आहे हे विसरू नये.

कंपन्यांना हे चांगले ठाऊक आहे. अमेरिकेतील मीड किलियन हे मुळात श्रवणशास्त्राचे अभ्यासक. त्यांच्या एटिमोटिक रिसर्च या कंपनीने १९९१ मध्ये ईआर-४ हा इअरफोन आणला. तो बोळात खोलवर बसवायचा असल्याने बाहेरचा गोंगाट मोठ्या प्रमाणात रोखत असे. १९९५ मध्ये जेरी हार्वी या ध्वनी अभियंत्याने व्हॅन हेलन या वाद्यवृंदाच्या ढोलवादकासाठी त्याच्या कानाच्या साच्यावरून इअरफोन बनवले आणि त्यातून अल्टिमेट इअर्स ही कंपनी उभी राहिली. जर्मनीच्या सेनहायझरचा ग्राहकोपयोगी विभाग २०२२ मध्ये सोनोव्हा या स्विस कंपनीकडे गेला. सोनोव्हाचा मूळ धंदा श्रवणयंत्रांचा आहे. उत्तम इअरफोनचा धंदा आणि कानाचे माप घेणारा धंदा किती जवळचे आहेत हे यावरून कळते.

खोक्यातही तेच दिसते. सेनहायझरच्या महागड्या आयई ९०० बरोबर सिलिकॉनचे तीन व फोमचे तीन असे रबरांचे जोड येतात. सोनीच्या डब्ल्यूएफ-१०००एक्सएम५ बरोबर चार मापे येतात. ॲपलने २०२२ मध्ये २६,९०० रुपयांना भारतात आणलेल्या दुसऱ्या पिढीच्या एअरपॉड्स प्रोबरोबर चार मापे दिली, तर २०२५ च्या तिसऱ्या पिढीबरोबर पाच. कंपनी पाच मापे देते आणि आपण खोक्यात आधीच लावलेल्या मधल्या मापावर समाधान मानतो, याला काय म्हणावे?

तुलना कशी करावी

दोन इअरफोनांची तुलना करण्याची रीत सोपी आहे, पण ती पाळली जात नाही.

प्रथम रबर निवडावे, आणि तेही प्रत्येक कानासाठी वेगळे. एका कानाला मधले आणि दुसऱ्याला लहान लागले तर संकोच बाळगू नये. दुसऱ्या हाताने कानाची पाळी किंचित वर व मागे ओढून इअरफोन घालावा. नीट बसला की आपलाच आवाज डोक्यात घुमल्यासारखा वाटतो आणि रस्त्यावरची रिक्षा दूर गेल्यासारखी वाटते. मग गाणे लावून इअरफोन बोटाने हलकेच आत दाबावा. दाबताच खर्ज वाढला तर रबर लहान आहे. पाच मिनिटांत कान दुखू लागला तर ते मोठे आहे.

दुसरे, दोन्हींचा आवाज सारखा ठेवावा. माणसाच्या कानाची खोड अशी की जे किंचित मोठ्याने वाजते तेच त्याला अधिक चांगले वाटते. एकाच फोनवर आवाजाची पट्टी एकाच जागी ठेवली म्हणजे दोन इअरफोन सारखेच वाजतात असे नाही. प्रत्येकाची संवेदनक्षमता वेगळी असते. म्हणून मोठा वाजणारा कमी करून, दोन्ही सारखे वाटू लागल्यावरच निवाडा द्यावा.

तिसरे, गाणे ओळखीचे असावे. कंपनीने दिलेली विदेशी धून आपल्या उपयोगाची नाही. कव्वालीसारखी परीक्षा दुसरी नाही. एक मुख्य आवाज, मागे साथीदारांचा घोळका, हार्मोनियम, ढोलक आणि टाळ्या. हलक्या इअरफोनमध्ये हे सारे एकमेकांत कालवले जाते. चांगल्यात साथीदारांचे आवाज वेगवेगळे उभे राहतात आणि टाळी कोरडी ऐकू येते. ज्याला अहिराणी गाण्यांचा ठेका आवडतो त्याने तेच लावून पाहावे, मात्र ठेक्याखाली गायकाचे शब्द दबतात का हे ऐकावे. माणसाचा आवाज नैसर्गिक वाटला नाही तर बाकी सर्व व्यर्थ.

चौथे, किमान वीस मिनिटे घालून बसावे, बोलावे, पाणी प्यावे, जबडा हलवावा. आपल्या खानदेशात तर आणखी एक कसोटी आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा पंचेचाळीस अंशांपर्यंत चढतो. घामाने गुळगुळीत सिलिकॉन सरकते आणि दुकानातील पंख्याखाली घट्ट वाटलेला इअरफोन बसस्थानकावर सैल होतो. फोमचे रबर उबेने फुलून बोळ भरून काढते, पण ते घाम व मळ शोषते आणि काही महिन्यांत बदलावे लागते. हा खर्च गिऱ्हाइकाला आधीच सांगितला पाहिजे.

किंमत आणि गुण

महाग तेच उत्तम हा समजही तपासून घ्यावा. येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २०१७ मध्ये २८३ हेडफोन व इअरफोनांची मोजणी प्रसिद्ध केली. कोणता स्वर किती जोराने वाजतो आणि वस्तूची किंमत किती, यांचा परस्परसंबंध त्यांना आढळला नाही. महाग वस्तूत काहीच नसते, असा याचा अर्थ नव्हे. बांधणी, बदलता येणारी वायर, सुट्या भागांची सोय, गोंगाट कापण्याची यंत्रणा यांचे पैसे असतात. पण केवळ किमतीच्या चिठ्ठीवरून आवाज ओळखता येत नाही, एवढे निश्चित.

टिकाऊपणाचाही विचार हवा. बिनवायरी इअरफोनमधील इवलीशी बॅटरी काही वर्षांत थकते आणि बहुतेक मॉडेलांत ती बदलणे अवघड असते. उच्च दर्जाच्या अनेक वायरच्या इअरफोनांची वायर काढून दुसरी लावता येते, जाळी साफ करता येते. मोबाईल दुरुस्तीत हात बसलेल्या आपल्या तरुणांसाठी हे काम कठीण नाही.

आणि शेवटी प्रश्न कानाचाच आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनेनुसार प्रौढ माणसाने ८० डेसिबल आवाज आठवड्याला ४० तासांहून अधिक ऐकू नये. ९० डेसिबलला ही मर्यादा फक्त ४ तासांवर येते. सैल इअरफोन घालून एसटीत बसलेला मुलगा इंजिनच्या आवाजावर मात करण्यासाठी पट्टी वर सरकवतो आणि नकळत ही मर्यादा ओलांडतो. नीट बसणाऱ्या इअरफोनमध्ये तेच गाणे कमी आवाजात पुरेसे ऐकू येते. याच कारणाने तो मोटारसायकलवर मुळीच घालू नये, कारण त्यात मागचा हॉर्नही ऐकू येत नाही.

दुकानदाराने काय करावे

माझी सूचना साधी आहे. वेगवेगळ्या किमतींचे तीन-चार इअरफोन केवळ ऐकवण्यासाठी बाहेर ठेवावेत. सिलिकॉनची चार-पाच मापे एका डबीत असावीत. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर रबर साबणाने धुऊन, स्पिरिटने पुसून वाळवावे. फोमचे रबर मात्र एकाच्या कानातून दुसऱ्याच्या कानात कधीही घालू नये. ज्याचा कान वाहतो किंवा दुखतो त्याला चाचणी न देता डॉक्टरांकडे पाठवावे. लोक ऐकून जातील आणि ऑनलाईन घेतील ही भीती असेल तर चाचणीचे पन्नास-शंभर रुपये घ्यावेत आणि खरेदी केल्यास बिलातून वजा करावेत.

त्याचबरोबर 'फर्स्ट कॉपी' या गोंडस नावाने चालणारा नकली माल दुकानातून हद्दपार करावा. ट्रेड मार्क कायदा, १९९९ च्या कलम १०४ अन्वये खोटी व्यापारचिन्हे लावलेला माल विकणाऱ्यास सहा महिने ते तीन वर्षे कैद व दंडाची तरतूद आहे. कायदा बाजूला ठेवला तरी तालुक्याच्या गावात माणूस माणसाला ओळखतो. एका नकली जोडीत मिळालेले चारशे रुपये पुढची दहा गिऱ्हाइके घालवतात. ब्लूटूथ इअरफोनवर भारतीय मानक ब्युरोची नोंदणी खूण पाहून घ्यावी आणि जीएसटीचे पक्के बिल द्यावे. वॉरंटी त्यावरच मिळते.

ऑनलाईन बाजाराशी किमतीत झुंजणे लहान दुकानदाराला परवडणारे नाही. त्यांच्याकडे मोठी गोदामे आहेत, मोठी सूट आहे. पण गिऱ्हाइकाचा कान त्यांच्यासमोर नसतो, तो आपल्या काउंटरसमोर असतो. केळीचा व्यापारी बागेत जाऊन घड पाहिल्याशिवाय भाव बोलत नाही, आणि शेतकरीही त्याला बाग दाखवल्याशिवाय माल देत नाही. हीच रीत इअरफोनच्या धंद्यात आणली तर दीड हजाराच्या गिऱ्हाइकालाही मान मिळेल, पंचवीस हजारांचे गिऱ्हाईकही गावात थांबेल. रबरांची एक डबी, स्पिरिटची एक बाटली आणि वीस मिनिटांचा धीर, एवढ्याच भांडवलावर ही सुरुवात करता येते.