घरची गाडी : खालून येणारा ‘टक्’

ॲम्बेसिडर २०१४ पासून बनत नाही, पण जपणारे अजून जपतात. मागच्या चाकांवर चालणाऱ्या या गाडीचा आवाज, कन्नडमध्ये ‘सद्दु’, नीट ओळखावा. गिअर टाकताना ‘टक्’ झाले, तर शाफ्टचा क्रॉस पाहावा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर हूं-हूं येऊन पाय सोडताच बदलली, तर क्राउन-पिनियनचा संशय घ्यावा. आधी हाउसिंगचे तेल तपासावे. इंजिन बंद करून, चाकांना दगड लावून क्रॉसच्या दोन्ही बाजू उलटसुलट पिळाव्यात. ढिलाई असल्यास क्रॉस बदलावा. शाफ्ट काढण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर खूण करावी, नाहीतर गाडी थरथरेल. ‘टक्’ ऐकत चोर्ला घाट मात्र उतरू नये. क्रॉस तुटला, की गिअरचा आधारही सुटतो.