जमिनीचे माप आणि जमिनीचे काम

घर बांधण्यासाठी जमीन घेऊ पाहणाऱ्या गोमंतकीय गृहस्थासमोर आज एक पेच हटकून उभा राहतो. गाठीच्या पैशांत शहरालगत दीडशे चौरस मीटरांचा तुकडा घ्यावा, की दूर खेड्यात जाऊन पाचशे मीटरांचा प्लॉट घ्यावा? वरवर पाहता हा ज्याच्या त्याच्या ऐपतीचा आणि आवडीचा प्रश्न आहे. परंतु ३,७०२ चौरस किलोमीटरांच्या या चिमुकल्या राज्यात तो तेवढ्यावर थांबत नाही. १९६० साली सहा लाखांच्या आत असलेली गोव्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेचौदा लाखांच्या वर गेली. भूमी मात्र होती तेवढीच राहिली. साहजिकच एकाने निवडलेल्या मापाचे परिणाम शेजाऱ्यालाही भोगावे लागतात.

लहान प्लॉटची बाजू दुबळी नाही. किंमत आवाक्यात राहते, कुंपणाचा व देखभालीचा खर्च बेताचा असतो, आणि शाळा, बाजार, बस ही जवळ मिळतात. १९७५ च्या मुंडकार कायद्याने घर व सभोवतालची जागा मिळून ग्रामपंचायत क्षेत्रात ३०० आणि अन्यत्र २०० चौरस मीटर हे प्रमाण मानले. तेव्हा थोडक्या जागेत प्रतिष्ठेने संसार करता येतो, हे आमच्या विधिमंडळानेच पूर्वी मान्य केले आहे.

मोठ्या प्लॉटचे आकर्षणही समजण्याजोगे आहे. अंगण, तुळस, विहीर, चार माड हे चित्र गोमंतकीय मनातून सहजासहजी पुसले जाणारे नाही. तथापि पगारदार माणसाने त्यामागील ओझ्याचाही हिशेब केला पाहिजे. पावसाळ्यानंतर माजणारे रान, चिऱ्यांच्या कुंपणाचा खर्च, सीमेवरील तंटे हे सारे मापाबरोबर वाढत जाते. शिवाय पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेल्या आपल्या वारसा कायद्यात अपत्यांचा हिस्सा राखीव असतो. त्यामुळे बापाने हौसेने घेतलेली मोठी जागा पुढच्या पिढीत वाटली तरी जाते किंवा सहधारकांच्या वादात कुलूपबंद पडून राहते. गुंतवणूक म्हणून घेतलेल्या आणि भिंत घालून ओसाड ठेवलेल्या जमिनींविषयी तर न बोललेलेच बरे.

मग निवड कोणत्या कसोटीवर करावी? आमच्या मते मापापेक्षा त्या जमिनीला कोणते काम करावे लागणार आहे, हे आधी पाहावे. पणजी, मडगाव, वास्को या शहरांच्या काही भागांत मलनिस्सारण वाहिन्या आहेत. बहुतेक खेड्यांत मात्र सेप्टिक टाकी आणि शोषखड्डा यांवरच भिस्त आहे. शोषखड्डा आणि पिण्याच्या पाण्याची विहीर यांत पंधरा ते अठरा मीटर अंतर हवे, असे अभियंते सांगतात. आता दहा मीटर रुंद आणि पंधरा मीटर लांब प्लॉट घ्या. त्याचा कर्णच अठरा मीटरांचा भरतो! म्हणजे एका कोपऱ्यात विहीर आणि समोरच्या कोपऱ्यात खड्डा ठेवला, तरी अंतर जेमतेम साधते. शेजाऱ्याची विहीर भिंतीला लागून असेल तर तेही व्यर्थ, कारण सच्छिद्र जांभ्या दगडातून झिरपणारे पाणी सर्व्हे क्रमांक पाहून थांबत नाही. त्याच प्लॉटच्या चारही बाजूंना तीन मीटर जागा सोडायची म्हटले, तर इमारतीच्या पायासाठी उरतात अवघे छत्तीस चौरस मीटर. मग सोडलेल्या जागेवरही लाद्या बसतात. येथे वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो. दीडशे मीटरांच्या प्लॉटवर पडणारे साडेचार लाख लिटर पाणी जमिनीत मुरले नाही, तर ते रस्त्यावर किंवा शेजाऱ्याच्या अंगणात जाणारच.

तेव्हा जेथे नळ आणि मलनिस्सारण वाहिनी आहे, तेथे लहान प्लॉट हाच शहाणपणाचा सौदा. जेथे विहीर व शोषखड्डा एकाच मातीत नांदायचे आहेत, तेथे स्वस्त तुकडा शेवटी महागच पडतो. आणि माप कोणतेही असो, एक-चौदाचा उतारा, सनद आणि नगरनियोजन खात्याने मंजूर केलेली विभागणी पाहिल्याशिवाय विसार देऊ नये. मोठ्या जमिनीतील अविभक्त हिस्सा हाच ‘प्लॉट’ म्हणून गळ्यात मारला जाण्याची भीती स्वस्त तुकड्यांच्या व्यवहारात अधिक असते.

सरकारनेही आपली जबाबदारी ग्राहकाच्या शहाणपणावर ढकलू नये. लहान प्लॉटांवर सरसकट बंदी घातली तर सामान्य गोमंतकीयाला स्वतःच्याच भूमीत घर दुर्लभ होईल. ती हवी असे आम्ही मुळीच म्हणत नाही. मात्र लहान प्लॉटांची विभागणी मंजूर करताना सामायिक सांडपाणी व्यवस्था आणि मोकळी जागा या अटी कागदावर न ठेवता प्रत्यक्षात उतरवून घेतल्या पाहिजेत. गरीबाला लहान घर पुरेल; परंतु त्याच्या विहिरीचे पाणी श्रीमंताच्या विहिरीइतकेच स्वच्छ असले पाहिजे. तेवढी हमी देण्याचे काम शासनसंस्थेचेच आहे.