नदीच्या गाळातील इतिहास

वैशाखात नदीचे पात्र आटले, की काठावरच्या वाळूत पायाला काहीतरी टोचावे, वाकून पाहावे तो एखादा काळवंडलेला तांब्याचा तुकडा हाती यावा, असा अनुभव आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी घेतला असेल. मीही घेतला आहे. कृष्णाकाठच्या आमच्या गावी घाटाच्या खालच्या अंगाला मला असेच एक जाड, वेडेवाकडे नाणे सापडले होते. ते घरी नेले, चिंच आणि राख लावून दुपारभर घासले, आणि ते सोन्यासारखे चकाकू लागल्यावर मोठ्या अभिमानाने इतिहासाच्या मास्तरांना नेऊन दाखविले. मास्तरांनी ते उलटसुलट करून पाहिले. ‘‘शिवराई दिसते,’’ ते म्हणाले, ‘‘पण कोणत्या काळातली, कोणत्या टांकसाळीतली, ते आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचे नाही. जी काही अक्षरे उरली होती, ती तू घासून टाकलीस. बरे, सापडली कुठे? नेमकी जागा दाखवशील? तिथे आणखी काही होते का?’’ मला जागाही नक्की सांगता येईना. मास्तर रागावले नाहीत. त्यांनी नाणे माझ्या हातावर परत ठेवले, एवढेच. ते आजही माझ्यापाशी आहे. गुळगुळीत आणि मुके.

या जुन्या प्रसंगाची आठवण होण्यास कारण घडले ते लंडन शहरातील एका छंदाविषयीचे वाचन. त्या शहराच्या मधोमध वाहणारी थेम्स नदी समुद्राच्या भरती-ओहोटीच्या टप्प्यात येते. दिवसातून दोनदा तिचे पाणी चढते आणि दोनदा उतरते. मध्य लंडनमध्ये हा चढउतार सुमारे सात मीटरांचा, म्हणजे दोन मजली घराएवढा असतो. ओहोटी लागली, की दोन्ही काठांशी गाळाचा व खडीचा एक लांबच लांब पट्टा उघडा पडतो. त्या वेळी गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढविलेली काही माणसे शिडीवरून खाली उतरतात. कोणी नुसत्या नजरेने, तर कोणी कानाला ध्वनियंत्र लावून आणि हातातील लांब दांड्याचे धातुशोधक यंत्र जमिनीलगत फिरवीत, त्या गाळातून गतकाळाचे अवशेष धुंडाळू लागतात. हा खेळ जेमतेम काही तासांचा; भरती परतली, की काठ सोडावाच लागतो.

अशा शोधकांना इंग्रजीत ‘मडलार्क’, म्हणजे चिखलातला चंडोल, असे गमतीचे नाव आहे. त्या नावामागचा इतिहास मात्र गमतीचा नाही. हेन्री मेह्यू या लेखकाने १८५१ साली लंडनमधील गोरगरिबांच्या जीवनाविषयी जो मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला, त्यात या लोकांचे वर्णन आहे. जहाजांतून पडलेले कोळसे, दोरखंडाचे तुकडे, तांब्याचे खिळे असे काहीबाही वेचून पोट भरणारी अनवाणी मुले आणि म्हाताऱ्या स्त्रिया, असे त्याने पाहिलेले मडलार्क होते. आपल्याकडे सोनाराच्या दुकानापुढची धूळ धुऊन सोन्याचे कण काढणारे झारेकरी असत, त्यांची येथे आठवण यावी. पोटासाठी चिखल चाळणे ही एक गोष्ट. जिज्ञासेने चाळणे ही दुसरी. परंतु वाट एकच आहे, आणि पहिल्याने पाडलेल्या पायवाटेवरून दुसरा चालत आला आहे.

आता या यंत्राविषयी थोडेसे. दूरध्वनीचा जनक म्हणून आपण ज्याला ओळखतो, त्या अलेक्झांडर ग्रॅहॅम बेलने १८८१ साली असे एक यंत्र घाईघाईने सिद्ध केले. अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडण्यात आली होती आणि ती शरीरात कोठे रुतली आहे हे वैद्यांना कळत नव्हते. बेलने आपले यंत्र फिरविले. पण मुख्य वैद्याने त्याला शरीराची एकच बाजू तपासू दिली, आणि गोळी होती दुसऱ्या बाजूस. पलंगातील धातूच्या स्प्रिंगांनीही यंत्राची दिशाभूल केली असे सांगतात. अध्यक्ष वाचले नाहीत. पुढे दुसऱ्या महायुद्धात योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने भूसुरुंग शोधण्यासाठी सैनिकाला हाती धरून चालता येईल असे यंत्र बनविले, आणि १९४२ साली एल् अलामेनच्या रणभूमीवर त्याचा उपयोग झाला. जे यंत्र माणसाचा जीव वाचविण्यासाठी जन्मास आले, तेच पुढे सुटसुटीत व स्वस्त होऊन हौशी लोकांच्या हाती आले.

त्याची क्रिया समजण्यास अवघड नाही. दांड्याच्या टोकाशी तारेचे वेटोळे असते. त्यातून उलटसुलट वाहणारा विद्युत्‌प्रवाह सोडला, की भोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. त्या क्षेत्रात धातूची वस्तू आली, म्हणजे तिच्या अंगात बारीक बारीक भोवऱ्यांसारखे विद्युत्‌प्रवाह खेळू लागतात आणि त्यांचेही एक दुबळे चुंबकीय क्षेत्र तयार होते. ते वेटोळ्याने टिपले, की कानात आवाज उमटतो. चांगली यंत्रे लोखंड आणि तांबे यांतील फरकही बऱ्यापैकी सांगतात. परंतु वस्तू दोन हजार वर्षांपूर्वीची आहे, की काल कोणी फेकलेल्या बाटलीचे झाकण आहे, हे यंत्राला कळत नाही. ते ठरविण्यास माणसाचे डोळे, हात आणि अभ्यास यांचीच गरज लागते. थेम्सच्या काठी तर शतकानुशतके जहाजे बांधली व मोडली गेली असल्यामुळे लोखंडी खिळ्यांचा इतका सुळसुळाट आहे, की नवशिक्याच्या कानात यंत्राची किरकिर थांबतच नाही.

मग या नदीत सापडते तरी काय? इसवी सनाच्या पहिल्या शतकात रोमन लोकांनी येथे नगर वसविले, तेव्हापासून माणसांच्या हातून जे जे निसटले, फेकले गेले किंवा श्रद्धेने अर्पण झाले, ते ते नदीने पोटात घेतले. १८५७ साली चेल्सी पुलाच्या कामाच्या वेळी लाल काचेने मढविलेली काशाची एक देखणी ढाल वर आली. रोमनांच्याही आधीची ही ‘बॅटरसी ढाल’ आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. कँटरबरी येथे ११७० साली मारल्या गेलेल्या सेंट टॉमस बेकेट या धर्मगुरूच्या समाधीची यात्रा करून येणारे लोक छातीवर शिसे-कथलाचे बिल्ले लावीत. तेही या गाळात पुष्कळ मिळाले आहेत. बोटभर उंचीची खेळण्यातली भांडी, इसवी सन १३०० च्या सुमाराचा घोड्यावर बसलेला चिमुकला शिलेदार, अशा वस्तूंनी मध्ययुगातील मुलांचे बालपण विद्वानांच्या डोळ्यांपुढे उभे केले. कारण अशा क्षुद्र वस्तूंची नोंद कोणत्याही बखरीत नसते. थेम्सचा गाळ दाट असून त्यात प्राणवायू जवळजवळ नसतो. म्हणून लोखंड, चामडे, लाकूड यांसारख्या वस्तूही त्यात सडल्यागंजल्यावाचून टिकतात. आणखी एक गोष्ट वाचून आपणास मौज वाटेल. अलीकडच्या काळात या शोधकांना देवदेवतांच्या लहान मूर्ती, यंत्रे कोरलेले पत्रे आणि दिवेही सापडू लागले आहेत. लंडनमध्ये स्थायिक झालेल्या आपल्या बांधवांनी गंगेच्या आठवणीने थेम्समध्ये विसर्जित केलेल्या या वस्तू होत. आणखी पाचशे वर्षांनी कोणी त्या उचलील, तेव्हा त्याही इतिहास सांगू लागतील.

येथवर वाचून एखाद्या तरुण वाचकास यंत्र घेऊन नदीकडे धाव घ्यावीशी वाटेल. त्याला थोडे थांबवून पुढची गोष्ट सांगितली पाहिजे. थेम्सच्या काठी मनास येईल तसे उकरता येत नाही. नदीची व्यवस्था पाहणाऱ्या बंदर प्राधिकरणाचा परवाना असल्याखेरीज तेथे नुसते वेचणेही निषिद्ध आहे. हौशी लोकांची गर्दी इतकी वाढली, की २०२२ च्या नोव्हेंबरात नवे परवाने देणे काही काळ थांबवावे लागले. क्वीनहाइथसारख्या संरक्षित जागी उत्खननाला बंदी आहे. तीनशे वर्षांहून जुनी वस्तू मिळाल्यास ती लंडनच्या वस्तुसंग्रहालयातील अधिकाऱ्यास दाखवून नोंदवावी लागते. आणि ती १९९६ च्या कायद्यानुसार ‘निधी’ ठरण्याजोगी असेल, तर चौदा दिवसांच्या आत कळविणे बंधनकारक आहे. इंग्लंड व वेल्स मिळून हौशी शोधकांच्या नोंदींची जी योजना १९९७ मध्ये सुरू झाली, तिच्यात आजवर पंधरा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. बहुतेक वस्तू नोंदीनंतर सापडणाऱ्याकडेच परत जातात. सरकारला हवी असते ती मुख्यतः माहिती: काय सापडले, आणि कोठे सापडले.

‘कोठे’ या एका शब्दाला एवढे महत्त्व का, याची दोन उदाहरणे आपल्याच भूमीवर आहेत.

नाशिक जिल्ह्यातील जोगलटेंभी या गावी १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा एक मोठा साठा मिळाला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सारी क्षत्रप राजा नहपानाची. आणि त्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने पुन्हा आपला ठसा उमटविलेला. गौतमीपुत्राने क्षहरातांचा निःपात केला, हे नाशिकच्या लेण्यातील शिलालेख सांगतोच. जेत्याने जिताच्या नाण्यावर आपली मुद्रा कशी मारली, हे या साठ्याने प्रत्यक्ष दाखविले. एखाद-दुसरे नाणे कोठेतरी मिळाले असते, तर एवढी खात्री पटली नसती. साठा एकत्र राहिला आणि त्याचे ठिकाण माहीत झाले, म्हणून तो बोलला. तीच चांदी एखाद्या मुशीत वितळली असती, तर काही घरांत पैंजण आले असते आणि इतिहासाचे एक पान कायमचे गेले असते.

दुसरे उदाहरण प्रवरा नदीच्या काठचे. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील दायमाबाद येथे १९७४ साली एका ग्रामस्थाला झुडपाच्या मुळाशी खणताना चार अप्रतिम कांस्यमूर्ती मिळाल्या: बैलांचा रथ व त्यावरील पुरुष, रेडा, हत्ती आणि गेंडा. सर्वांचे वजन साठ किलोंहून अधिक. सुदैवाने त्या भंगारात गेल्या नाहीत. आज त्या आपल्या संग्रहालयांची शोभा आहेत. मात्र त्या शास्त्रीय उत्खननातून, थरांची नोंद होत वर आल्या नव्हत्या. त्यामुळे त्या उत्तर हडप्पा काळातील आहेत, की त्याहून पुष्कळ नंतरच्या, यावर विद्वानांत वाद झाला. बहुतेकांनी पहिला पक्ष घेतला, तरी धातूच्या घटकांवरून काहींनी शंका काढलीच. बिचाऱ्या ग्रामस्थाचा यात काही दोष नाही. त्याने मूर्ती जगापुढे आणल्या, हे त्याचे उपकारच. परंतु मातीचा थर एकदा मोडला, की तो पुन्हा रचता येत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

म्हणून, वाचकहो, उद्या आपल्या शेतात नांगराच्या फाळाला किंवा मुलांच्या हाती नदीकाठी काही लागले, तर काय करावे? पहिली गोष्ट, ती वस्तू घासू-पुसू नये. चिंच, राख, लिंबू यांपासून ती दूर ठेवावी. दुसरी, जागेची खूण करावी आणि आजूबाजूला अधिक उकरू नये. किती खोल, कशाशेजारी, कोणत्या दिवशी, हे त्याच दिवशी कागदावर लिहून ठेवावे. जमल्यास जागेवरच छायाचित्र घ्यावे. तिसरी, कळवावे. १८७८ चा निधिविषयक कायदा आपल्या देशात आहे. त्यानुसार जमिनीत दडलेली दहा रुपयांहून अधिक किमतीची वस्तू सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे आवश्यक आहे, आणि लपविणाऱ्यास शिक्षेची तरतूद आहे. पण त्याच कायद्याने प्रामाणिक माणसाचा हक्कही राखला आहे. खरा मालक पुढे न आल्यास शोधणाऱ्याला वाटा मिळतो. जमिनीच्या मालकाशी वेगळा करार नसेल तर तो तीनचतुर्थांश असतो. आणि सरकारने निधी स्वतःकडे घेतल्यास त्यातील धातूच्या किमतीवर एकपंचमांश अधिक रक्कम दिली जाते. संरक्षित स्मारकांच्या आवारात तर परवानगीशिवाय खणणे हा गुन्हाच आहे, मग हाती यंत्र असो वा कुदळ.

मुलांना यापासून परावृत्त करावे, असा माझ्या लिहिण्याचा अर्थ नाही. उलट, सुटीच्या दिवशी त्यांना नदीकाठी अवश्य न्यावे. पावसाळ्यात व वरच्या धरणातून पाणी सुटण्याच्या वेळी जाऊ नये. हातापायाला जखम असता गाळात उतरू नये, कारण लेप्टोसारखे रोग अशाच ठिकाणी जडतात. खापराचा तुकडा, काचेचा मणी, जुनी वीट जेथे दिसेल तेथे थांबावे आणि ही वस्तू येथे कशी आली असेल, असा प्रश्न मुलांनाच विचारावा. जवळच्या संग्रहालयात त्यांना नेऊन तशाच वस्तू दाखवाव्यात.

माझ्या शिवराईला ते भाग्य लाभले नाही. मास्तरांचे तिन्ही प्रश्न मला अजून पाठ आहेत, आणि त्यांतील एकाचेही उत्तर मला देता येत नाही. आपल्या घरातील मुलाला ते देता यावे, एवढ्यासाठी हा प्रपंच.