चार फुटांतला कडा

सह्याद्रीच्या कुशीत राहणाऱ्यांना कड्यांचा तुटवडा नाही; तुटवडा आहे तो रोजच्या सरावाचा. तेलबैल्याला जायचे तर भाडे, दोर आणि जाणती सोबत हवी. त्यामुळे प्रस्तरारोहण म्हणजे पैसेवाल्यांचा छंद, असे म्हटले जाते. मला ते मान्य नाही.

१९६४ साली लीड्स विद्यापीठात शारीरिक शिक्षणाचे अध्यापक डॉन रॉबिन्सन यांनी सरावाची भिंत केली, ती कुठे? इमारतीतल्या एका बोळवजा मार्गिकेत, भिंतीत दगड बसवून!

खरे तर घरात उंची लागतच नाही, लागतो तो कल. १८ मिलिमीटर जाडीची, ८ बाय ४ फुटांची प्लायवूडची फळी उभ्या रेषेपासून ३० अंश अंगावर झुकवली की ती ७ फुटांच्या उंचीत बसते. जमीन साधारण ४ फूट अडते, गादीसाठी थोडी अधिक. एवढ्या कलावर दोन-चार पकडींतच बोटे बोलू लागतात. पकडी सुताराकडच्या उरल्यासुरल्या तुकड्यांच्या, कडा घासून गोल केलेल्या. लाकूड दगडाइतकी कातडी सोलत नाही. भिंतीला भोके पाडू देणारा घरमालक माझ्या तरी पाहण्यात नाही, तेव्हा चौकट रुंद पायांची, स्वतंत्र उभी राहणारी हवी.

आमच्या खोलीत मात्र ४ फूट म्हणजे आजीच्या अंथरुणाची जागा. म्हणून मागणी जिमखान्याकडे: जिन्यामागची, मोडक्या बाकांनी अडवलेली जागा आम्हांला द्यावी. हा खेळ २०२१ साली टोकियोत ऑलिंपिकलाही पोचला. फळ्या आम्ही आणतो. बाके तेवढी हलवा.