नाणे काढणाऱ्या यंत्राचे मालक व्हावे की मिस्त्री?

जुना लूम घ्यायला आपला माणूस एकटा जात नाही, सोबत जॉबर नेतो. जॉबर लूम चालवून बघतो, धोट्याचा आवाज ऐकतो, कुठे झीज झाली ते बोटाने चाचपतो आणि मग बाजूला घेऊन खरी किंमत सांगतो. हीच आपली व्यवहारी माणसे बिटकॉईनचे जुने यंत्र घ्यायची वेळ आली की मोबाईलवर फोटो पाहून पैसे पाठवून मोकळी होतात! आम्ही कापडाच्या धंद्यातली माणसे, संगणकातले आम्हास फार कळते असा आमचा दावा नाही. पण यंत्र, वीज, कारीगर आणि हिशेब या चार गोष्टी आम्हास कळतात, आणि येथे प्रश्न या चारच गोष्टींचा आहे.

गेल्या वर्षी आमच्या ओळखीच्या एका कारखानदाराच्या मुलाने दोन जुनी यंत्रे आणली. अँटमायनर एस-९ हे त्यांचे नाव. चीनच्या बिटमेन कंपनीचे हे यंत्र २०१६ मध्ये बाजारात आले. चपलांच्या खोक्याएवढे यंत्र, दोन्ही तोंडांना एकेक पंखा, आत तीन हॅशबोर्ड आणि प्रत्येक बोर्डावर ६३ चिपा. या १८९ चिपा रात्रंदिवस एकच आकडेमोड करीत राहतात. जगभरची अशी सारी यंत्रे मिळून सुमारे दर दहा मिनिटांनी एक हिशेब जुळवतात आणि त्याच्या मोबदल्यात नवे नाणे निघते. हा मोबदला एप्रिल २०२४ पासून निम्मा होऊन ३.१२५ बिटकॉईनवर आला आहे, आणि वाटेकरी मात्र वाढतच आहेत.

मुलाने ही यंत्रे कोठे ठेवली असतील? लूमच्या शेडमध्ये, कोपऱ्यात! आम्ही विचारले तर म्हणाला, "चाचा, जागा रिकामीच होती."

शेडमध्ये हवेत काय उडत असते, हे आम्ही आमच्या वाचकांस सांगावे काय? पंखे ती हवा जोराने आत ओढतात. चिपांवर उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या बारीक पट्ट्या असतात, त्यांच्या फटींत कापसाचे तंतू जाऊन बसले. दीड महिन्यात आत गादी भरल्यासारखे झाले. हवा अडली आणि चिपा तापल्या. हे यंत्र ४० अंशांपर्यंतच्या हवेत चालवण्यासाठी बनवलेले असते. आपल्याकडे मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये काय तापमान असते ते सर्वांस ठाऊक आहे. एके दिवशी एका बोर्डाने दम सोडला, पंधरा दिवसांनी दुसऱ्याने. विकणाऱ्याने फोन उचलणे बंद केले होते. आणि कंपनीची हमी? एस-९ ला मुळात ती १८० दिवसांची होती.

शेवटी बोर्ड गेला तो मोहल्ल्यातल्या मोबाईल दुरुस्त करणाऱ्या पोराकडे. त्याने असा बोर्ड आयुष्यात पाहिला नव्हता. पण तीन रात्री बसून त्याने दोष शोधला, तो कसा ते ऐकण्यासारखे आहे. बोर्डावरच्या चिपा माळेतल्या मण्यांसारख्या एकामागून एक जोडलेल्या असतात. एकीकडून संदेश दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे. मध्ये एक मेली की पुढच्यांपर्यंत काही पोहोचत नाही आणि यंत्र म्हणते की बोर्डावर चिपाच नाहीत. अडाणी माणूस म्हणेल, पूर्ण बोर्ड गेला. जाणकार मीटर घेऊन चिप-चिप तपासतो आणि संदेश जेथे थांबला तेथे बोट ठेवतो. मग बोर्ड खालून गरम करायचा, वरून गरम हवेने ती एक चिप उचलायची, जागा साफ करून दुसरी बसवायची आणि वर धातूची पट्टी पुन्हा चिकटवायची. हात थरथरला तर शेजारची चिपही जाते. बदली चिप कोठून आणली? दुसऱ्या मेलेल्या बोर्डावरून. तुटलेल्या लूमचे सुटे भाग दुसऱ्या लूमला लावणाऱ्यांस यात नवल वाटू नये.

बोर्ड जिवंत झाला. पोराचे हुनर पाहून आम्ही खूश झालो, पण मग कागद-पेन घेऊन बसलो.

एस-९ सुमारे १,३५० वॉट वीज खाते. म्हणजे दिवसाला ३२ युनिट, महिन्याला जवळपास ९७०. यास आपल्या मीटरचा दर लावून पाहावा. आजचे एस-२१ यंत्र तेवढ्याच कामास साधारण साडेपाच पट कमी वीज घेते. त्याच्याशी जुन्याने काय स्पर्धा करावी? आपल्या वीजदरात एस-९ स्वतःच्या बिलापुरतेही कमावत नाही. दुरुस्ती कितीही सुरेख झाली तरी हा तोटा दुरुस्त होत नाही.

काही जण म्हणतात, लूमचे कनेक्शन सवलतीचे आहे, त्यावर चालवू. असे करू नये. ज्या कामासाठी वीज घेतली ते सोडून दुसऱ्या कामास वापरली तर वीज कायदा २००३ चे कलम १२६ लागते आणि दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय एस-१९ जातीचे एक यंत्र ३,२५० वॉट ओढते. जुन्या वायरिंगवर अशी दोन लावली आणि खाली सुताचे ढीग असले तर काय होईल, हे आग पाहिलेल्यास विचारावे.

आता कराचे. लूमचा पट्टा बदलला, जॉबरला पैसे दिले, वीज भरली, तर हे सारे वहीत खर्ची पडते आणि उरलेल्या नफ्यावर कर लागतो. येथे तसे नाही. २०२२ च्या अर्थसंकल्पाने अशा नाण्यांच्या विक्रीतील नफ्यावर ३० टक्के कर लावला आणि खरेदी किमतीखेरीज दुसरी वजावट ठेवली नाही. नाणी काढण्याच्या यंत्रणेवरचा खर्च खरेदी किमतीत धरला जाणार नाही, हे अर्थमंत्रालयाने मार्च २०२२ मध्ये लोकसभेत लेखी सांगितले आहे. एका नाण्यातला तोटा दुसऱ्याच्या नफ्यातूनही वळता करता येत नाही. म्हणजे पंखे बदला, बोर्ड दुरुस्त करा, सारे पदरचे!

उलट त्या मोबाईलवाल्या पोराचे पाहा. त्याची मजुरी ही साध्या धंद्याची कमाई. दुकानाचे भाडे, सोल्डर, वीज, मदतनीसाचा पगार, सर्व वजा होते. नाण्याचा भाव चढो की पडो, त्यास मजुरी मिळते. म्हणून आमचे मत असे बनले आहे की या धंद्यात मालकापेक्षा मिस्त्री बरा. भिवंडी-मालेगावात मीटर आणि गरम हवेची गन चालवणारे कितीतरी हात आहेत. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम नाण्याचे असे खाणकाम बंद झाले, तेव्हापासून त्यात राबलेली ग्राफिक्स कार्डे जुन्या बाजारात उतरली आहेत. कोणाचा पंखा गेलेला, कोणाचा थर्मल पॅड वाळलेला, कोणाची मेमरी चिप खराब. ती दुरुस्त करून घेणारी गिऱ्हाइके एडिटिंगवाली, डिझाईनवाली, गेम खेळणारी आहेत. त्यांस बिटकॉईनशी देणेघेणे नाही.

एवढे सांगूनही कोणास यंत्र घ्यायचेच असेल तर त्याने समोर चोवीस तास चालवून घ्यावे, तिन्ही बोर्डांवरच्या चिपांची संख्या आणि तापमान स्वतः पाहावे, झाकण उघडून पट्ट्या हलतात का ते तपासावे. २०१९ च्या एस-१७ जातीत पट्ट्या निखळल्याच्या तक्रारी बऱ्याच देशांतून आल्या होत्या, ती जात तर जपूनच घ्यावी. आणि सोबत जाणकार न्यावा, त्याची मजुरी द्यावी.

त्या मुलाने दोन्ही यंत्रे बंद केली. पंखे आणि पॉवर सप्लाय विकून थोडे पैसे आले. बोर्ड मात्र दुरुस्तीवाल्या पोराने मजुरीपोटी ठेवून घेतले, चिपा काढून सराव करायला. परवा त्याच्या दुकानावर गेलो तर टेबलावर मालेगावहून आलेले एक ग्राफिक्स कार्ड उघडे पडले होते. मान वर न करता म्हणाला, "चाचा, बसा, एवढा पॅड लावतो आणि चहा सांगतो."