जर्सीचा रंग आणि आपली मुले

संघ हरला तर लोक दोन दिवस बोलतात आणि विसरतात. संघाच्या कपड्यांचा रंग बदलला, तर मात्र वाद वर्षानुवर्षे चालतो. हे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. रग्बी, फुटबॉल, क्रिकेट, कोणताही खेळ घ्या. चाहत्याला वाटते की संघ मालकाचा असेल, मंडळाचा असेल, पण रंग माझा आहे. लहानपणापासून जो रंग पाहून छाती धडधडली, तो कोणी न विचारता बदलला की घरातली भिंत कोणी परस्पर रंगवून गेल्यासारखे वाटते.

आपल्या घरांत या विषयाला आणखी एक पदर आहे. आपल्याकडे रंगालाही धर्म चिकटवला जातो. म्हणून या महिन्यात जर्सीच्या रंगाबद्दल थोडे निवांतपणे बोलू या.

महाराष्ट्रात हा वाद जोरात झाला तो जून 2019 मध्ये. इंग्लंडमध्ये विश्वचषक सुरू होता. 30 जूनला बर्मिंगहॅमच्या एजबॅस्टन मैदानावर भारताचा सामना इंग्लंडशी होता आणि त्यात आपला संघ नारिंगी रंगाच्या जर्सीत उतरणार अशी बातमी आली. पुढचा भाग गडद निळा, पाठ आणि बाह्या नारिंगी. समाजवादी पक्षाचे आमदार अबू आझमी आणि काँग्रेसचे आमदार नसीम खान यांनी उघड हरकत घेतली. सगळा देश भगव्या रंगात रंगवण्याचा हा प्रयत्न आहे, असा त्यांच्या बोलण्याचा रोख होता. रंग बदलायचाच असेल तर तिरंग्याचे रंग घ्या, असेही आझमी म्हणाले. दुसऱ्या बाजूने लगेच उलट प्रश्न आला: तुम्हाला या रंगाचे वावडे का?

आता नियम काय होता ते पाहू. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषदेच्या स्पर्धेत दोन संघांचे रंग सारखे असतील, तर यजमान आपला रंग ठेवतो आणि पाहुणा बदलतो. इंग्लंडही निळा, भारतही निळा. इंग्लंड यजमान, म्हणून बदल आपल्याला करावा लागला. रंगाचे पर्याय भारतीय मंडळाला पाठवले होते आणि त्यांतून मंडळाने निवड केली, असे परिषदेकडून सांगण्यात आले. म्हणजे रंग बदलणे नियमाने आले होते, नारिंगीच घेणे ही मात्र निवड होती. वाद घालणाऱ्या दोन्ही बाजूंनी या दोन गोष्टी एकमेकींत मिसळून टाकल्या.

आणि सामन्यात काय झाले? इंग्लंडने 337 धावा केल्या, रोहित शर्माने शतक ठोकले, तरी आपण 31 धावांनी हरलो. स्पर्धेतला आपला तो पहिला पराभव. मेहबूबा मुफ्तींनी तर जर्सीमुळेच विजयाची मालिका तुटली असे लिहून टाकले. पण त्या दिवशी आपल्याकडून सर्वांत जास्त बळी कोणी घेतले, हे किती जणांच्या लक्षात आहे? मोहम्मद शमीने. 69 धावांत 5 बळी, त्याच नारिंगी जर्सीत.

याच शमीची पुढची गोष्टही ध्यानात ठेवा. 24 ऑक्टोबर 2021, दुबई. पाकिस्तानने आपल्याला दहा गडी राखून हरवले. अकरा जण हरले, पण शिव्या शमीच्या वाट्याला आल्या, त्याही धर्मावरून. त्या दिवशी अंगात निळी जर्सी होती. निळ्या रंगाने त्याला वाचवले नाही. कर्णधार विराट कोहली जाहीरपणे त्याच्या पाठीशी उभा राहिला, हेही विसरता कामा नये. मग 15 नोव्हेंबर 2023 ला मुंबईच्या वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्धच्या उपांत्य सामन्यात त्याच शमीने 57 धावांत 7 बळी घेतले आणि सारा देश त्याचे नाव घेऊन नाचला. तेव्हाही जर्सी निळीच होती. कापड तेच, माणूस तोच. बदलत होती ती पाहणाऱ्याची नजर.

तर मग रंगावर हरकत घेणारे सगळे चुकीचेच का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. संशयाला कारणे असतात. 2024 च्या एप्रिलमध्ये डीडी न्यूजचे बोधचिन्ह लालचे भगवे झाले. त्याआधी 2023 च्या विश्वचषकात संघाचा सरावाचा पोशाख नारिंगी आला आणि ममता बॅनर्जींनी त्यावर टीका केली. एकामागून एक गोष्टी एकाच रंगाच्या होऊ लागल्या, तर माणूस विचारणारच की हे कोण ठरवते आणि कशासाठी? असा प्रश्न विचारणे हा नागरिकाचा हक्क आहे. पण प्रश्न निर्णय घेणाऱ्याला विचारायचा असतो. आपण तो रंगालाच विचारू लागलो की फसतो. ‘हा रंग त्यांचा’ असे म्हटले की आपणच आपल्या हाताने तो रंग दुसऱ्याच्या पदरात टाकतो.

नारिंगी रंग काय फक्त एका पक्षाच्या मालकीचा आहे? तिरंग्याची वरची पट्टी केशरीच आहे आणि त्या तिरंग्याला आपली मुले शाळेत सलाम करतात. हॉलंडचा संघ नारिंगी खेळतो तो तिथल्या ऑरेंज राजघराण्यामुळे. फार लांब कशाला, 1948 पर्यंत आपला मराठवाडा ज्या हैदराबाद संस्थानात होता, त्या हैदराबादचा आयपीएल संघ सनरायझर्स नारिंगीच आहे. 2017 पासून पाच हंगाम अफगाणिस्तानचा रशीद खान त्याच रंगात फिरकी टाकत होता. मोहम्मद सिराजची आयपीएलची सुरुवातही याच संघातून झाली. त्यांच्या बळींवर नाचणाऱ्या मुलांना जर्सीचा रंग कधी खटकला नाही.

आता हिरव्या रंगाकडे या. 2011 पासून बेंगळुरूचा रॉयल चॅलेंजर्स संघ जवळजवळ दर हंगामात एका सामन्याला हिरवी जर्सी घालतो. झाडे लावा, पर्यावरण वाचवा, हा त्यामागचा निरोप. कोहली हिरव्यात खेळला, डिव्हिलियर्स हिरव्यात खेळला, सगळ्यांनी कौतुक केले. पण हाच रंग आपल्या गल्लीतल्या मुलाच्या अंगावर आला की निरोप बदलतो.

गेल्या हिवाळ्यात आमच्या मोहल्ल्यातल्या पोरांनी टेनिस बॉलच्या स्पर्धेसाठी वर्गणी काढून जर्सी करायचे ठरवले. जालन्यात, अंबडला, भोकरदनला, परतूरला या स्पर्धांचे वेड किती आहे हे तुम्हाला सांगायला नको. पोरांनी हिरवा रंग निवडला होता. त्यांच्यातल्या एकाचे चाचा म्हणाले, ‘‘बेटा, हिरवा नको. उगाच कोणी पाकिस्तान म्हणेल.’’

‘‘चाचा, आरसीबीने घातला तर झाडे लावा, आणि आम्ही घातला तर पाकिस्तान?’’

दुसरा म्हणाला, मग नारिंगी घेऊ. तिसऱ्याने लगेच तोंड वाकडे केले, ‘‘तो त्यांचा रंग.’’

‘‘मग आपल्याला उरला कोणता?’’

शेवटी राखाडी ठरला. तो कोणालाच आवडला नव्हता. चाचांची नियत वाईट नव्हती, त्यांना पोरांची काळजी होती. पण त्या पोरांनी त्या दिवशी काय शिकून घेतले? आपल्याला आवडलेला रंग अंगावर घालण्याआधी चार लोक काय म्हणतील याचा हिशेब आपल्यालाच करावा लागतो. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाच्या खांद्यावर हे ओझे फार जड आहे. जर्सीच्या वादात खरे नुकसान होते ते इथे.

रंगाचा अर्थ कायमचा ठरलेला नसतो, हे सांगणारी सर्वांत मोठी गोष्ट रग्बीतून येते. रग्बी हा अंडाकृती चेंडूने खेळायचा धक्काबुक्कीचा खेळ. दक्षिण आफ्रिकेत तो गोऱ्यांचा खेळ मानला जाई. त्यांची हिरवी-सोनेरी जर्सी आणि त्यावरचे स्प्रिंगबॉक हरणाचे चिन्ह काळ्या लोकांना वर्णभेदाची निशाणी वाटे. स्टेडियममधल्या त्यांच्यासाठी वेगळ्या काढलेल्या जागेतून ते विरोधी संघासाठी टाळ्या वाजवत. 1994 मध्ये नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. त्यांच्याच पक्षातल्या लोकांची मागणी होती की हे हरीण आता हटवा. मागणी रास्त होती. जखमा ताज्या होत्या. मंडेलांनी मात्र ते चिन्ह राहू द्या म्हणून आपल्या लोकांचे मन वळवले. 24 जून 1995 ला जोहान्सबर्गच्या एलिस पार्कवर विश्वचषकाचा अंतिम सामना होता. मंडेला मैदानावर आले ते हिरवी जर्सी घालूनच. पाठीवर 6 हा आकडा, कर्णधार फ्रान्स्वा पिनारचा. दक्षिण आफ्रिकेने न्यूझीलंडला 15-12 असे हरवले आणि मंडेलांनी पिनारच्या हाती चषक दिला.

ही गोष्ट सांगताना लोक एक बाजू विसरतात. मंडेलांनी मन मोठे केले, तसे समोरच्यांनीही एक पाऊल टाकले होते. गोऱ्या खेळाडूंनी काळ्या लोकांच्या लढ्यातले गीत शिकून घेतले आणि मैदानावर गायले. एकाच बाजूने समजूतदारपणा दाखवायचा आणि दुसऱ्याने नुसते पाहत राहायचे, याने रंग धुतला जात नाही. त्याचे फळ यायला वेळ लागला, पण आले. 2018 मध्ये सिया कोलिसी हा त्या कसोटी संघाचा पहिला काळा कर्णधार झाला. त्याच्याही पाठीवर 6 हाच आकडा. त्याच्या हाताखाली त्यांनी 2019 आणि 2023 असे सलग दोन विश्वचषक जिंकले. ज्या जर्सीचा आजोबांना तिटकारा होता, तीच नातू हट्टाने मागून घेऊ लागला.

मग चाहत्याने रंगासाठी भांडूच नये का? जरूर भांडावे, पण कारण पाहून. वेल्समधल्या कार्डिफ सिटी या फुटबॉल क्लबचा रंग पिढ्यान्‌पिढ्या निळा. 2012 मध्ये मलेशियाचे मालक व्हिन्सेंट टॅन यांनी तो लाल केला. आशियात लाल रंग शुभ मानतात, बाजारही वाढेल, असा त्यांचा विचार होता. संघ लाल रंगात जिंकून वरच्या लीगमध्ये गेला, तरी चाहते शांत झाले नाहीत. शेवटी जानेवारी 2015 मध्ये निळा परत आला. तिथे वाद धर्माचा नव्हता, जातीचा नव्हता. आम्हाला विचारले नाही, एवढेच त्यांचे म्हणणे होते, आणि ते खरे होते. आपल्याकडे 1891 चा कोलकात्याचा मोहम्मडन स्पोर्टिंग क्लब आजही काळ्या-पांढऱ्यातच खेळतो. 1934 ते 1938 अशी सलग पाच वर्षे कलकत्ता लीग जिंकणाऱ्या या क्लबच्या चाहत्याला त्या दोन रंगांत आपला आजोबा दिसतो. अशी माया जपण्यासारखी असते.

काही वेळा बदल सोयीसाठी असतो. वेल्सचा रग्बी संघ लाल, आयर्लंडचा हिरवा. युरोपात साधारण दर बारा पुरुषांत एकाला रंग नीट ओळखता येत नाहीत, त्यातही लाल-हिरव्याची गल्लत जास्त. त्याला दोन्ही संघ सारखेच दिसतात. अशा माणसासाठी एका संघाने जर्सी बदलली, तर हट्ट सोडायला हरकत नसावी. काही वेळा बदल निव्वळ विक्रीसाठी असतो. भारतीय संघाला कपडे पुरवणारी कंपनी 2020 पर्यंत नाइके होती, मग एमपीएल आली, 2023 पासून आदिदास. प्रत्येकीची जर्सी नवी आणि घरात मुलाचा हट्टही नवा. तिथे आईवडिलांनी ‘मागच्या वर्षीची अजून चांगली आहे’ म्हणणे हाच खरा विरोध.

म्हणून रंग बदलला की तीन गोष्टी विचारायच्या. कशासाठी बदलला? कोणाला विचारून बदलला? आणि आपली हरकत निर्णयावर आहे की रंगावर? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मंडळाने आणि मालकाने द्यावीत. तिसऱ्याचे आपण स्वतःला द्यायचे.

आपल्या जालन्याच्या विजय झोलने 2011 मध्ये 19 वर्षांखालील सामन्यात आसामविरुद्ध नाबाद 451 धावा केल्या. पुढे 2014 च्या युवा विश्वचषकात तो भारताचा कर्णधार झाला. त्या 451 आजही आपली मुले अभिमानाने सांगतात. जर्सी कोणत्या रंगाची होती, हे कोणी विचारत नाही. धावा मागे उरतात, कापड विरून जाते.

यंदा तुमच्या मोहल्ल्यातली मुले जर्सी करायला निघाली, तर रंग त्यांना ठरवू द्या. हिरवा आवडला तर हिरवा, नारिंगी आवडला तर नारिंगी. कोणी टोमणा मारलाच, तर मुलाला गप्प बसवू नका आणि भांडायलाही पाठवू नका. त्याच्या सोबत मैदानावर जा, बाउंड्रीवर खुर्ची टाकून बसा आणि दुसऱ्या संघातल्या मुलाने चांगला चौकार मारला, तर त्यालाही टाळी द्या.