पोषण आहार पोहोचतो, भरवायचा कोणी?

वर्सोव्याच्या कोळीवाड्यात प्रथिनांची वाण नाही. बोंबील, जवळा, मांदेली दारासमोर वाळत असतात. तरीही अशा वस्तीतले एखादे मूल कुपोषित राहू शकते. दोन वर्षांखालच्या मुलाचे पोषण घरात काय शिजते एवढ्यावरच ठरत नाही. ते कोण आणि किती वेळा भरवते, यावरही ठरते.

या वयात पोट लहान आणि गरज मोठी असते. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीनुसार स्तनपानाबरोबरच सहा ते आठ महिन्यांच्या बाळाला दिवसातून 2 ते 3 वेळा आणि त्यानंतर 3 ते 4 वेळा पूरक आहार द्यायला हवा. पहाटे बंदरावर मासळी घेऊन दुपारपर्यंत बाजारात बसणारी कोळीण किंवा यारी रोड, लोखंडवालात चार घरची धुणीभांडी करणारी आई या वेळा कशा पाळणार? घरात आजी असेल तर निभावते. नसेल तर थोरली बहीण शाळा बुडवून बाळ सांभाळते आणि जेवणाची जागा बिस्किटाचा पुडा घेतो.

एकात्मिक बालविकास सेवा योजना 2 ऑक्टोबर 1975 रोजी सुरू झाली. तीन ते सहा वर्षांच्या मुलांना अंगणवाडीत गरम ताजा आहार मिळतो. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांसाठी मात्र घरपोच आहाराची पाकिटे दिली जातात. रोज 500 किलोकॅलरी आणि 12 ते 15 ग्रॅम प्रथिने हा निकष पाकिटात पूर्ण होतो. वाटीत होतोच असे नाही, कारण पाकीट सगळ्या भावंडांत वाटले जाते. मेंदूची वाढ सर्वाधिक वेगाने होते त्याच वयात सरकार अन्न देते, सांभाळणारे हात देत नाही.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात पाच वर्षांखालील खुज्या मुलांचे प्रमाण 2015-16 मध्ये 34.4 टक्के होते, 2019-21 मध्ये 35.2 टक्के. उंचीच्या मानाने वजन कमी असलेली मुले दोन्ही वेळा 25.6 टक्के होती. दूषित पाणी, वारंवार होणारे जुलाब, आईचा रक्तक्षय ही कारणे आहेतच. पण त्यांच्यावरचे उपायही मुलाकडे दिवसभर लक्ष देणारे कोणी असेल तरच लागू पडतात.

2017 च्या मातृत्व लाभ दुरुस्तीने 50 किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनांना पाळणाघर बंधनकारक केले. कोळणी आणि घरकामगार त्या कक्षेत येत नाहीत. 2022 पासून केंद्राच्या ‘मिशन शक्ती’तील ‘पाळणा’ योजनेत अंगणवाडीला जोडून पाळणाघराची तरतूद आहे: महिन्याला 26 दिवस, दिवसाला साडेसात तास. दिशा योग्य आहे. मुंबईत अडचण जागेची आणि वेळेची आहे. अनेक अंगणवाड्या भाड्याच्या लहानशा खोलीत भरतात, तिथे बाळांना झोपवायचे कुठे? आणि सकाळी नऊला उघडणारे पाळणाघर पहाटे घर सोडणाऱ्या आईच्या काय कामाचे?

मासळी मंडयांच्या पुनर्विकासात शीतगृह आणि वाहनतळाबरोबर पाळणाघराची एक खोली आराखड्यातच धरता येईल. तिच्या वेळा बाजाराच्या वेळांना बांधल्या आणि तिथल्या सेविकेला पुरेसे मानधन दिले, तर पाकिटातला आहार मुलाच्या पोटापर्यंत पोहोचेल.